ईदीला शेजारून काय येतं, शिधा का शिजवलेला शिरखुर्मा? (सोलापूरकरांनो सांगा)

कडकभाकरी
यंदा (२०२५) रविवारी पाडवा झाला आणि लगेच सोमवारी रमजान ईद. पाडव्याच्या रात्री आमच्याकडं भांडी आवरायचं चालू होतं आणि शेजारच्या भाभीचा फोन, "अक्का, कच्चा देऊं की पक्काइच देऊं?" मला आधी कळेचना काय विचारतीय, मग टाळक्यात उजेड पडला आणि काय बोलावं तेच सुचेना.

तर त्याचं असंय. आम्ही शुक्रवार पेठेत, जुनी घरं, भिंतीला भिंत. सासूबाई पक्क्या लिंगायत, गळ्यात लिंग, पूजा झाल्याबिगर तोंडात पाणी नाही, बाहेरचं खाणं तर लांबच. शेजारच्या खालांचं (भाभीच्या सासूबाई) आणि त्यांचं मात्र एकदम गूळपीठ. ईदीला पुरुष मंडळी नमाजला गेली की खाला स्वतः दारात यायच्या, हातात पितळी ताट, त्यात बारीक शेवया, साखर, खारका, खोबऱ्याची वाटी, चारोळ्या, मूठभर काजू-बदाम आणि वरून क्रोशाचा रुमाल. दुधाची पिशवी वेगळी. सासूबाई ते ताट घ्यायच्या, आमच्या पातेल्यात आमच्या गॅसवर शिरखुर्मा करायच्या, देवाला दाखवायच्या (हो!) आणि मग घरात सगळ्यांना वाटी वाटी. रिकामं ताट परत करायचं नाही म्हणून त्यात गूळ नाहीतर शेंगा घालून पाठवायच्या. आयुष्यभर खालांच्या हातचं शिजवलेलं त्यांनी खाल्लं नाही आणि खालांनी दिलेलं कधी परत पाठवलं नाही.

आता सासूबाई नाहीत, खाला अंथरुणाला खिळल्यात, दोन्हीकडचा कारभार सुनांच्या हातात. भाभीला वाटलं असणार की आता राज्य बदललंय तर विचारून घ्यावं. मला शिजवलेलं चालतंय की, कॉलेजात मैत्रिणींच्या घरी मटण सोडून सगळं खाल्लंय. पण मिस्टर म्हणाले आईनं चालवलेलं मोडायला नको. मी गडबडीत म्हणाले "दोन्ही चालतंय" आणि सोमवारी सकाळी खरंच दोन्ही आलं!! एक डबा शिजवलेला, एक ताट शिध्याचं 😀

तुमच्याकडं काय पद्धत आहे? आणि इथं मुसलमान मंडळी असतील तर खरं खरं सांगा, शिधा द्यावा लागतो याचं वाईट वाटतं का? आपण खातो-पितो, गळाभेट घेतो, फोटो टाकतो, पण हे कुणी कुणाला विचारत नाही.

साखरपेठी
आमच्याकडं डायरेक्ट केटली येते, चहाची मोठी असती ती. शिधा वगैरे भानगड पहिल्यांदाच ऐकतोय. वडील शुगरवाले, आई आदल्या रात्रीपासनं डोळा ठेवून असती तरी कुठनं तरी वाटी मारतातच. रात्री बिर्याणी. आई मटण खात नाही म्हणून तिच्यासाठी दुधी घातलेला बिनमटणाचा दालचा (डाळीचं कालवण) आणि साधा भात वेगळ्या डब्यात, डब्यावर चिकटपट्टी लावून पेनानं "अम्मा" लिहिलेलं. ते अक्षर शेजारच्या चौथीतल्या पोराचं आहे, उर्दू शाळेत जातो तरी मराठीतच लिहून पाठवतो.

आसरा_चौक
केटलीचा फोटो टाक बे.

साखरपेठी
रिकामी झाली, धुवून परत पण गेली. शेंगाचटणी भरून.

जुळे_हुशार
आम्ही अपार्टमेंटवाले, त्यामुळं शिधा पण नाही आणि शिजवलेलं पण नाही, सोसायटीच्या ग्रुपवर हिरवा चांद आणि मशिदीचं चित्र फिरतं, खाली सोळा जण हात जोडलेले टाकतात, झाली ईद. चार मजल्यांत दोन मुस्लिम कुटुंबं आहेत आणि मला त्यांच्या घरातल्या बायकांची नावं माहीत नाहीत. खरं सांगायचं तर माझ्याच मजल्यावरच्या जोशींच्या घरात पण मी कधी गेलेली नाही, म्हणजे हा प्रश्न जातीधर्माच्याही आधी दार बंद ठेवण्याचा आहे. पेठेतली भिंतीला भिंत गेली की ताट कुठनं येणार.

खारीक_बदाम
कडकभाकरी ताई, तुम्ही खरं खरं सांगा म्हणालात म्हणून लिहिते, नाहीतर मी इथं नुसती वाचक.

माहेर लष्कर भागात, सासर नई जिंदगी भागात. आधी शिरखुर्म्याचं काम काय असतं ते ऐका. चांद दिसेल न दिसेल, खारका सकाळीच भिजत घालाव्या लागतात कारण २९ व्या रोज्यालाच चांद दिसला तर रात्रीत काही होत नाही. यंदा २९ रोजेच झाले, रविवारी इशाच्या (रात्रीच्या नमाजच्या) आधी गल्लीत पोरं ओरडली "चांद हो गया" आणि घरातल्या सगळ्या बायका एकदम उठल्या. खारकेची बी काढायची, मग तिचे केसासारखे बारीक उभे काप करायचे, हे मशीनवर होत नाही, केलं तर भुगा होतो. बदाम-पिस्ते गरम पाण्यातनं काढून सोलायचे. चारोळी पंच्यात घालून चोळायची म्हणजे सालं निघतात. मध्येच कुणाला मेहंदी काढायची असते, कुणाचा ब्लाउज टेलरकडनं यायचा असतो आणि टेलर फोन उचलत नसतो. तुपात खारीक-मेवा परतायचा, शेवया वेगळ्या परतायच्या गुलाबी होईस्तोवर, जास्त झाल्या की करपट वास लागतो आणि अख्खं पातेलं जातं. दूध आटवायला पहाटे तीनलाच गॅस चालू. सासूबाईंचं एकच पालुपद, घट्ट करू नका, बारा वाजेपर्यंत आपोआप खीर होतीय. म्हणून बाजूला गरम दुधाचं पातेलं ठेवतो, पाहुणा आला की एक पळी त्यातलं. पुरुष नमाजवरनं आल्यापासनं रात्री अकरापर्यंत पाहुणे. आमची बायकांची ईद गॅसपुढं.

तर शिधा द्यायला आम्हाला उलट सोपा आहे. ताटात रचलं, दिलं, संपलं!

पण वाईट वाटतं का म्हणाल तर माझ्या अम्मीला नाही वाटायचं. ती म्हणायची त्या बाईनं आपला नेम पण ठेवला आणि आपली चीज पण आपल्या चुलीवर चढवली, और क्या होना. माझी मोठी बहीण चिडायची. आपण संक्रांतीला त्यांच्या घरची शेंगापोळी तुपाचं बोट लावून खातो, मग आपलंच का कच्चं पाहिजे? मी बहिणीच्या बाजूची आहे. तुमच्या सासूबाईंसारख्या बाईचा नेम असतो, ती सख्ख्या भावाच्या घरचंही सोवळ्याशिवाय खात नसेल, तो तिचा मान आम्ही ठेवतोच. पण जी पोरं रात्री गाडीवर उभी राहून शिककबाब खातात आणि त्यांच्या घरनं निरोप येतो की आम्हाला कच्चंच द्या, तेव्हा तो नेम नसतो ओ, ते दुसरंच काहीतरी असतं. ते कळतं आम्हाला. बोलत नाही एवढंच.

भाभीनं फोन करून विचारलं यात मात्र मला काही वावगं दिसत नाही, उलट हुशार आहे.

कडकभाकरी
खारीक_बदाम, मिस्टरांना वाचून दाखवलं. गप्प बसलेत. (शिककबाबवाले आमच्याच घरात आहेत.)

पुण्यातला_सोलापूरकर
वाचून डोळे भरून आले. काय दिवस होते ते. लहानपणी आम्हाला हिंदू कोण मुसलमान कोण माहीतच नव्हतं, सगळे एका ताटात जेवायचो, विजापूर वेशीत मीना बाजार (रमजानचा रात्रबाजार) भरला की रात्री दोन दोन वाजेपर्यंत फिरायचो, कुणाला कसली भीती नाही, कुणाच्या मनात काही नाही. आता सगळं बिघडलं राव. सोशल मीडियानं वाट लावली.

लक्ष्मीविष्णू
पुण्यातल्या साहेब, रागावू नका पण मी वयानं मोठा आहे म्हणून बोलतो. माहीतच नव्हतं असं कधी नव्हतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं, कोण कुठल्या पेठेतला, कुणाच्या घरी पाणी प्यायचं, कुणाकडं नुसतं बसून यायचं. वरच्या ताईंच्या सासूबाईंनाही माहीत होतं म्हणून तर शिधा. माहीत असून निभावत होते, आणि ते जास्त अवघड काम आहे.

आणि पूर्वी सगळं गुण्यागोविंदानं होतं हेही तितकं खरं नाही. २००२ च्या ऑक्टोबरात ह्याच शहरानं दंगल बघितली, संचारबंदी बघितली, तेव्हा कुणाच्या मोबाईलवर सोशल मीडिया नव्हता. आमच्या बोळात त्या दिवसांत दूध येईना. पलीकडच्या आळीत एका मुस्लिम घरी म्हैस होती. तान्ही लेकरं असलेल्या घरांत मागच्या दारानं तांब्या यायचा, कुणाचं घर आहे ते न बघता. त्याच बोळातली काही पोरं पुढच्या दारानं दगड गोळा करत होती हेही मी ह्याच डोळ्यांनी बघितलंय. दोन्ही सांगितलं तरच ते सांगणं.

रोखठोक
मला कळत नाही दरवेळी एकाच बाजूनं समजून घ्यायचं का? आम्ही शिरखुर्मा खायचा, शुभेच्छा द्यायच्या, आणि नाही खाल्ला तर लगेच "दुसरंच काहीतरी". ज्याला नाही खायचं तो नाही खाणार, जबरदस्ती आहे का. आणि ह्या एकीच्या गप्पा इफ्तार पार्टीपुरत्या. रमजानचे तीस दिवस बॅनरवर हात जोडलेले नेते, टोपी घालून खजूर तोंडात घालताना फोटो, दुसऱ्या दिवशी त्यांचंच पोरगं मशिदीपुढं डीजे लावायला पुढं. एका वाटीनं काही होत नसतं.

विजापूर_वेस
रोखठोक भाऊ, इफ्तार पार्टीबद्दल माझं तुमच्याशी शंभर टक्के जमतं, हात मिळवा. एवढ्याचसाठी की तिथं मगरीबची (सूर्यास्ताची) अजान झाली तरी साहेब आले नाहीत म्हणून लोकांना खजूर हातात धरून बसवलेलं मी बघितलंय. वेळ झाली की रोजा लगेच सोडायचा असतो, पाहुण्यासाठी थांबायचा नसतो. ज्यानं पार्टी ठेवली त्यालाच हे माहीत नाही तर पार्टी कुणासाठी ते तुम्हीच ओळखा.

बाकी जबरदस्ती कुणीच करत नाही. नको असेल तर नको म्हणा, आम्ही काय घशात ओततो काय 😄

पण तुम्ही एका वाटीनं होत नाही म्हणालात म्हणून ईदीचं जरा सांगतो, कारण बऱ्याच जणांना ईद म्हणजे शिरखुर्मा आणि गळाभेट एवढंच माहीत असतं. नमाजच्या आधी फितरा (ईदीचं दान) द्यावा लागतो. घरात जेवढी माणसं तेवढ्यांचा, काल जन्मलेल्या बाळाचा सुद्धा, माणशी साधारण पावणेदोन-दोन किलो गव्हाची किंमत, ज्याची ऐपत जास्त त्यानं खजुराच्या नाहीतर मनुक्याच्या हिशोबानं द्यावा, मग तो साडेतीन किलोच्या आसपास जातो. तो नमाजच्या आधीच पोचला पाहिजे, म्हणजे ज्याच्या घरी काही नाही त्याच्याही घरी त्या दिवशी चूल पेटेल. जकात (नेमाचं वार्षिक दान) वेगळी, वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालमत्तेवर अडीच टक्के, साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीएवढी ऐपत असेल त्यालाच लागू. ती वर्षात कधीही देता येते पण बहुतेक लोक रमजानातच काढतात. म्हणून रमजानात आमच्याकडं मागायला येणाऱ्यांची रांग असते. त्यात कोण कुठला हे माझी आजी कधी विचारत नव्हती. मौलाना म्हणायचे फितरा-जकातीचे नियम आहेत, ते पाळा, आणि त्यापलीकडं सदका (मनाचं दान) कुणालाही द्या. आजीच्या पदराच्या गाठीला दोन पुड्या असायच्या, एक नियमाची आणि एक तिच्या मनाची.

ईदीच्या नमाजला अजान नसते. दोन रकात (नमाजची आवर्तनं), आमच्या हनफी पद्धतीत सहा तकबीर (अल्लाहु अकबर म्हणणं) जादा, आणि खुतबा (प्रवचन) नमाजच्या नंतर, जुम्म्याला (शुक्रवारी) आधी असतो. घरनं निघताना काहीतरी गोड खाऊन निघायचं, खजूर असेल तर एक, तीन, पाच असे विषम, कारण त्या दिवशी रोजा ठेवायलाच मनाई आहे. आणि जाताना एका रस्त्यानं, येताना दुसऱ्या रस्त्यानं यायची सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे. आमचे अब्बा होटगी रोडच्या ईदगाहला जाताना सात रस्त्यावरनं जायचे आणि येताना मुद्दाम लांबचा वळसा घालून जुन्या कारखान्यातल्या सोबत्यांच्या घरांवरनं यायचे. दर दाराला दोन मिनिटं. अम्मी घरी वैतागायची, सगळे पाहुणे येऊन बसले आणि यजमानच गायब.

मागवाला
कारखान्यातल्या सोबत्यांवरनं आठवलं. मी पद्मशाली (तेलुगू विणकर समाज), आमचं टॉवेलचं खातं, आठ माग. रमजानात दुपारपाळी अवघड, त्यात ह्या वर्षी मार्च अखेरीलाच ऊन चाळिशीला टेकलेलं, शेडमध्ये पत्रा तापलेला, आवाजानं आधीच डोकं भणभणतंय आणि माणूस पहाटेपासनं बिनपाण्याचा उभा. धागा तुटला की वाकायचं, जोडायचं, परत उभं. आमच्याकडचा एक जॉबर (मागांची दुरुस्ती बघणारा) आणि एक कामगार दोघं रोजा धरतात. तर बाकीच्यांनी आपसात ठरवलंय की संध्याकाळी सहा ते सात त्यांचे माग दुसऱ्यांनी बघायचे. मालक म्हणून मी काही केलेलं नाही, मला तर दोन वर्षांनी कळलं. त्याच्या बदल्यात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा आमची सगळी पोरं रथाला आणि हे दोघं कारखाना सांभाळायला. लिहिलेलं कुठंच नाही. एकदा नवीन आलेल्या पोरानं सहाला माग धरायला नाही म्हटलं तर आमच्याच तेलुगू बायकांनी त्याला असा झापला की विचारू नका.

उगादीला (आमच्या पाडव्याला) पच्चडी केली होती रविवारी, ती पण त्यांना दिली, रोजा सोडताना खजुराबरोबर कडुलिंबाचा मोहर आणि कैरी. तोंड वाकडं करून खाल्ली 😂 पण खाल्ली.

पंचांगी
पाडवा आणि ईद लागोपाठ आले म्हणून सगळे यंदा योगायोग योगायोग करतायत, तो तसा योगायोग नाहीये. आपला महिना अमावास्या संपली की पाडव्याला सुरू होतो, त्यांचा महिना चांद डोळ्यांनी दिसला की. अमावास्येनंतरची कोर एकच, ती आपल्या पंचांगातही "चंद्रदर्शन" म्हणून छापलेली असते. त्यामुळं ईद ही कुठल्यातरी शुद्ध द्वितीया-तृतीयेच्या आसपासच येणार, कधीही बघा.

२०२२ ला ईद ३ मेला, त्याच दिवशी अक्षय तृतीया आणि बसवजयंती. २०२३ ला २२ एप्रिल, परत अक्षय तृतीया. म्हणजे दोन्ही वर्षं वैशाखात. मग २०२३ ला अधिक श्रावण आला, आपलं पंचांग एक महिना थांबलं, त्यांचं थांबत नाही, म्हणून २०२४ ला ईद चैत्रात सरकली, ९ एप्रिलला पाडवा आणि ११ ला ईद. यंदा, २०२५ ला, ३० आणि ३१ मार्च. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, त्यामुळं २०२७ पासनं ईद पाडव्याच्याही आधी जाणार, महाशिवरात्र झाली की लगेच. त्यांचं वर्ष ३५४-३५५ दिवसांचं आणि अधिक महिना नाही, म्हणून दरवर्षी अकरा दिवस मागं मागं. आषाढी आणि बकरी ईद पण अशीच दोनदा एका दिवशी आली होती, १० जुलै २०२२ आणि २९ जून २०२३. दाते पंचांग सोलापूरचं आहे हे तरी लक्षात ठेवा रे, भिंतीवरच टांगलेलं असतंय आणि योगायोग म्हणता.

आसरा_चौक
गुरुजी शाळेत असताना एवढं समजावलं असतं तर गणितात पास झालो असतो.

पुण्यातला_सोलापूरकर
लक्ष्मीविष्णू काका, तुमचं बरोबर आहे, पण एवढं नकारात्मक पण बघू नका. आपल्या सोलापूरचे चार हुतात्मे विसरलात का? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना एकाच दिवशी फाशी. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. ह्यापेक्षा मोठी एकी कुठल्या शहरात दाखवा.

लक्ष्मीविष्णू
विसरीन कसा, त्या पुतळ्यांवरनं रोज जातो. पण त्यांची नावं आपण एकीच्या भाषणात जात मोजायला वापरतो त्याचा मला कंटाळा आलाय. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे, गिरणी कामगारांत उठबस होती, लिहायचे, बोलायचे. तो माणूस काय लिहीत होता ते वाचायला सोलापुरात किती जणांनी कधी प्रयत्न केला? १२ तारखेला हार घालतात आणि लगेच सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाच्या गडबडीला लागतात. हार घालू नका असं नाही म्हणत.

जुळे_हुशार
विषय थोडा बदलते पण संबंध आहे. पाणी. आपल्याकडं चार-पाच दिवसाआड नळ, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आमच्या कामवाल्या मावशी नई जिंदगीला राहतात, त्या सांगत होत्या की ईदीला नळाची पाळीच नव्हती आणि घरात दहा माणसं, सगळ्यांना सकाळी आंघोळ, त्यात आदल्या दिवशी धुणंभांडी निघालेली. पलीकडच्या गल्लीत वाण्याच्या घरी बोअर आहे, त्यानं रात्री साडेबाराला मोटर चालू करून पाइप गल्लीत सोडला, ज्याला पाहिजे त्यानं भरा, पहाटेपर्यंत. बायका घागरी घेऊन चांदरातीला रांगेत, हाताला ओली मेहंदी, म्हणून नवऱ्यांना भरायला लावलं. हे ऐकून मला वाटलं की एवढं सोपं आहे का हे, पाइप बाहेर टाकायचा. मग आमच्या सोसायटीत मी विचारलं की त्या दोन घरांना टँकरचं जादा पाणी लागलं असतं तर आपण दिलं असतं का. ग्रुपवर अजून उत्तर नाही, निळ्या टिका मात्र सगळ्यांच्या आल्यात.

रोखठोक
बोअरवाल्या वाण्याला मानलं. पाण्याचं काम खरं काम. हे असलं सांगा, मला पटतं.
माझा आक्षेप जेवणावरनं माणसाला मोजण्याला आहे. माझी आई पण शिधावाली आहे. तिला मी काय सांगू, तू चुकतीस म्हणून?

खारीक_बदाम
नका सांगू ओ. आईंना शिधाच देणार, त्यांच्यासाठी चारोळी जास्त घालून. तुम्ही स्वतः या की घरी. तुम्ही काय घेणार तेवढं आधी सांगा, म्हणजे मला अंदाज येतो. दारातनं डबा घेऊन पळणारे फार झालेत, बसणारे कमी. आम्हाला डब्यापेक्षा बसणारं माणूस पाहिजे असतं, कारण ईदीच्या दिवशी तेवढीच पाच मिनिटं गॅसपुढनं हलायला निमित्त मिळतं.

रोखठोक
येतो. साखर कमी.

साखरपेठी
रोखठोक साखर कमी 😂😂

विजापूर_वेस
पंचांगी गुरुजी, एक हिशोब करून सांगा. रमजान असाच मागं मागं जात राहिला तर गड्ड्यात (सिद्धेश्वर यात्रेत) कधी येणार?

पंचांगी
चांगला प्रश्न. २०२९ ला रमजान जानेवारीच्या मध्याला, संक्रांतीच्या पाठोपाठ लागेल. २०३० ला तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच लागतोय, म्हणजे अक्षता सोहळा, होमविधी, शोभेचं दारूकाम सगळं भर रमजानात. आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी परत रमजान लागणार, एका इंग्रजी वर्षात दोनदा. एखादा दिवस चांदावर इकडंतिकडं.

विजापूर_वेस
म्हणजे यात्रेच्या होम मैदानावर संध्याकाळी सव्वासहाला रोजा सोडायची वेळ आणि तीच गर्दीची वेळ. आमचा बांगड्यांचा स्टॉल असतो तिथं, शेजारी पाळणेवाले, मौत का कुआँवाले, त्यातले निम्मे आमचेच. स्टॉल सोडून जाता येत नाही, बायका बांगड्या भरायला हात पुढं करून बसलेल्या असतात. हातात अर्धा डझन चढलेला आणि अजान झाली तर?

मागवाला
आमच्या मेव्हण्याचा टॉवेल-चादरीचा स्टॉल त्याच लायनीत असतो. त्याला सांगून ठेवतो, मागं ताडपत्री टाकून जागा करू, दहा-बारा माणसं बसतील एवढी. बांगड्या मेव्हणी भरंल तेवढा वेळ, तिला येतंय.

विजापूर_वेस
चालतंय. सरबत नको मात्र, जानेवारीतली थंडी असती मैदानात. चहाच ठेवा.